एकाच गेमची दोन बुकिंग: ठाण्यातल्या एका प्री-ऑर्डरचं प्रकरण

पाचपाखाडीत राहणाऱ्या एका कुटुंबाने एकाच गेमची दोन ठिकाणी आगाऊ नोंदणी केली, आणि गेम बाजारात आला त्या दिवशी त्यांच्या घरात तो कुठल्याच रूपात नव्हता. हे कसं घडलं ते त्यांच्या परवानगीने मांडतोय. नावं दिलेली नाहीत, दुकानाची आणि गेमची ओळख काढून टाकली आहे. रकमा मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत, कारण हिशेब झाकला तर या प्रकरणात नुसत्या गप्पा उरतात.

माझा संबंध अगदी शेवटी आला. दुकानात अडकलेले पैसे कसे सोडवायचे हे विचारायला घरातल्या थोरल्याने फोन केला. आधीचं सगळं त्या दोघा भावंडांकडून नंतर ऐकलं.

## पार्श्वभूमी

घरात आई-बाबा, दादा आणि धाकटी. दादा ऐरोलीत आयटीत नोकरीला, धाकटी नेरूळला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. हॉलमधला पीएस५ (सोनीचं गेम खेळायचं यंत्र, प्लेस्टेशन ५) दादाच्या पैशांचा, पण दादाचं खेळणं शनिवारी रात्री मित्र आले की फुटबॉल, एवढंच. खरी खेळणारी धाकटी. तिच्याकडे कॉलेजसाठी घेतलेला गेमिंग लॅपटॉप आहे आणि शाळेपासूनचा चौघांचा गट आहे. एक कळव्याला, एक नेरूळच्या होस्टेलवर, एक पुण्याला. रात्री दहानंतर चौघं हेडफोन लावून बसतात.

उन्हाळ्यात एका मोठ्या को-ऑप, म्हणजे मित्रांनी एका बाजूने मिळून खेळायच्या, गेमची तारीख जाहीर झाली, दिवाळीच्या आठवडाभर आधीची. घरात जेवताना त्याचाच विषय. दादाने मनाशी ठरवलं की या वर्षी भाऊबीजेला ओवाळणीत हाच गेम घालायचा, आणि तिला आधी कळू द्यायचं नाही.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला गेमच्या डिस्क विकणारं, जुन्या डिस्क परत घेणारं एक छोटं दुकान आहे. दादाने तिथे पीएस५ची डिस्क बुक केली. किंमत ४,९९९ रुपये, त्यातले २,००० आगाऊ. सोबत स्टीलबुक, म्हणजे पत्र्याची डबी, आणि गेममधल्या एका पोशाखाचा कोड. पैसे यूपीआयने गेले, तेही दुकानाच्या खात्यावर नाही तर मालकाच्या स्वतःच्या नंबरवर. पावती म्हणून मिळालं दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड. मागे निळ्या बॉलपेनने ‘ॲड. २०००’, तारीख आणि एक वळवळती सही. गेमचं नाव नाही, किती बाकी ते नाही, माल आला नाही तर काय तेही नाही.

बाबांना हे कळलं तेव्हा ते हसले. घोडबंदर रोडला पाया खणायच्या आत फ्लॅट बुक करून भाडं आणि हप्ता दोन्ही भरण्याची हौस त्यांनी एके काळी फेडून घेतलेली आहे. ‘इमारत उभी नाही आणि तू टोकन देऊन आलास?’ एवढंच ते म्हणाले. त्यात भर माझी: रेरा कायद्यानुसार विक्रीचा नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम आगाऊ घेता येत नाही. दादा व्हिजिटिंग कार्डावर ४० टक्के देऊन आला होता.

## आगाऊ पैशांच्या बदल्यात काय मिळणार होतं

प्री-ऑर्डरची पद्धत पडली ती कार्ट्रिज आणि डिस्कच्या काळात. किती माल मागवायचा याचा दुकानदाराला अंदाज यायचा आणि पहिल्या दिवशी हात हलवत परत जावं लागणार नाही याची गिऱ्हाइकाला खात्री. टंचाई खरी असेल तिथे हा व्यवहार आजही शहाणपणाचा आहे. १२ जानेवारी २०२१ला भारतात पीएस५चं बुकिंग उघडलं आणि काही मिनिटांत साठा संपला. यंत्रं हातात पडायला लागली २ फेब्रुवारीला. त्या दिवशी ज्यांचं बुकिंग झालं नाही त्यांनी पुढे कित्येक महिने एक तर वाट पाहिली किंवा चढ्या भावाने घेतलं.

डाउनलोडचा साठा संपत नाही. मग कंपन्या दुसरी आमिषं लावतात. एखादा पोशाख, एखादी तलवार, महागड्या एडिशनला तीन दिवस आधी प्रवेश, आणि गेम आधीच उतरवून ठेवायची सोय, म्हणजे प्रीलोड. या शेवटच्या सोयीचं मोल मोजता येतं. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर साधारण सव्वादोन तासांत उतरतो. म्हणजे आज ज्या घरात बरी फायबर लाइन आहे तिथे प्रीलोडने वाचते ती एक संध्याकाळ, त्याहून जास्त काही नाही. डिस्क घेतली तरी पहिल्या दिवशीचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, बहुतेक वेळा उतरवावा लागतोच.

यात गिऱ्हाईक जे देतं ते फक्त पैसे नसतात. गेम कसा आहे हे कळायच्या आत ते होकार देऊन मोकळं होतं. ‘सायबरपंक २०७७’ या गेमचं उदाहरण याच कारणासाठी पुन्हा पुन्हा निघतं. एप्रिल २०२०ची तारीख तीनदा पुढे गेली आणि गेम १० डिसेंबर २०२०ला आला. तोवर ८० लाख प्रती आगाऊ विकल्या गेल्या होत्या. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत मिळाली होती; जुन्या पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर तो कसा चालतो हे विकत घेणाऱ्यांनाच पहिल्यांदा दिसलं. आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, पैसे परत द्यायला सुरुवात केली, आणि तो तिथे परतला थेट २१ जून २०२१ला. २०२३च्या मोठ्या अपडेटनंतर त्याच गेमचं कौतुक झालं, आणि तेव्हा घेणाऱ्याने सेलमध्ये पहिल्या किमतीहून बराच कमी पैसा मोजला.

उलट बाजूही आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ पूर्ण होण्याआधी जवळपास तीन वर्षं, ऑक्टोबर २०२० पासून, विकत मिळत होता. पण तिथे आगाऊ पैसे देणाऱ्याला गेमचा पहिला भाग लगेच खेळायला मिळत होता, आवडतो की नाही ते स्वतः पाहता येत होतं, आणि ऑगस्ट २०२३ला पूर्ण गेम त्याच पैशांत आला. आगाऊ खरेदी म्हणून दोन्ही एकाच खात्यात टाकतात लोक. मला ते पटत नाही.

## अडचण: तारीख गेली फेब्रुवारीत

दिवाळीला तीन आठवडे उरले असताना कंपनीने गेम फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलला. दादा ऑफिसातून परतताना स्टेशनवर उतरून दुकानात गेला.

‘साहेब, पैसे परत नाही होत,’ मालक म्हणाला. ‘गेम येणारच आहे ना? आणि थांबायचं नसेल तर दुकानातलं दुसरं काही घ्या, लावून देतो त्यात.’ त्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती. किती डिस्क लागतील तो आकडा त्याने वितरकाला दिलेला होता आणि तारीख काही त्याने हलवली नव्हती. पण तारीख दादानेही हलवली नव्हती, आणि ओवाळणीसाठी घेतलेली वस्तू भाऊबीजेला मिळणार नाही हे कळल्यावर पैसे परत मागण्यात वावगं काहीच नव्हतं.

दादाने वाद घातला नाही. ‘बरं, राहू दे’ म्हणून तो बाहेर पडला. बोलणं सगळं तोंडी. व्हॉट्सॲपवर एक ओळसुद्धा नाही.

भाऊबीजेला तबकात पाकीट पडलं, पाकिटात ते व्हिजिटिंग कार्ड. धाकटीने उलटसुलट करून वाचलं, खूश झाली, आणि मग विचारलं, ‘पीएस५ची आहे का रे दादा?’

तिचे तिघे मित्र पीसीवर खेळतात. हा गेम पीएस५ आणि पीसी यांच्यात एकत्र खेळता येईल असं कंपनीने सांगितलं होतं, पण ते ‘लाँचनंतरच्या अपडेटमध्ये’. म्हणजे फेब्रुवारीत डिस्क हातात आली असती तरी पहिल्या दिवशी ती हॉलमध्ये एकटी आणि बाकीचे तिघं दुसरीकडे. एका साध्या प्रश्नाने हे बुकिंगच्या वेळीच उघडं पडलं असतं, पण तो प्रश्न विचारला असता तर भाऊबीजेची गंमत गेली असती. दादाला मी यात दोष देत नाही.

## दुसरं बुकिंग आणि तेव्हा समोर असलेले पर्याय

दादाने तिथल्या तिथे तिला ३,००० रुपये पाठवले. डिस्कचं मी बघतो, तू तुझ्या लॅपटॉपवर घे म्हणाला. आता निर्णय धाकटीचा होता.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात साधी एडिशन ३,७९९ रुपयांना होती आणि डिलक्स ५,२९९ला. डिलक्सवाल्यांना तीन दिवस आधी प्रवेश. दीड हजार जास्तीचे, म्हणजे दिवसाला पाचशे. वरवर पाहता नुसती उधळपट्टी. पण गटाचं गणित वेगळं होतं: अधिकृत तारीख मंगळवारची, कॉलेज आणि प्रॅक्टिकलच्या मधली, आगाऊ प्रवेश शुक्रवारी रात्रीपासून, म्हणजे अख्खा शनिवार-रविवार चौघांना मोकळा. चौघं एकत्र मोकळे असण्याचे दिवस तिसऱ्या वर्षाला फार नसतात. तिघांनी डिलक्स घेऊन टाकलं होतं.

साधी एडिशन घ्यावी आणि मंगळवारी सामील व्हावं, हा एक पर्याय होता. तिला तो नको होता. तिघं तीन दिवसांत पुढे निघून गेले की मागून येणाऱ्याला ओढत न्यावं लागतं, हे तिने आधीच्या गेममध्ये सोसलेलं. दुसरा पर्याय, काहीच आत्ता न घेता त्या शुक्रवारी संध्याकाळी रिव्ह्यू वाचून डिलक्स घ्यायचं. यात हरवत होतं ते फक्त प्रीलोड. हा पर्याय खरं तर सगळ्यात सरस होता आणि चौघांपैकी कोणी तो बोलूनही दाखवला नाही. सगळ्यांनी घेतलंय आणि आपण नाही, असं तीन महिने ग्रुपवर राहणं जड जातं, हे तिने मला प्रामाणिकपणे सांगितलं.

तिने इंटर्नशिपच्या पैशातले २,२९९ घातले आणि डिलक्स घेतलं. स्टीमचा नियम तिने त्या वेळी वाचला होता, हे महत्त्वाचं: प्रकाशनाआधी कधीही रद्द केलं तर पैसे परत; नंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेलं असेल तर परत. तिने एक गोष्ट मात्र गृहीत धरली, की आगाऊ प्रवेशाचे तीन दिवस प्रकाशनाच्या आधीचे, तेव्हा ते दोन तासांत मोजले जाणार नाहीत. पूर्वी तसंच होतं. लोक आगाऊ प्रवेशात गेम अख्खा खेळून पैसे परत मागायचे. एप्रिल २०२४ पासून स्टीमने ती फट बुजवली आणि आगाऊ प्रवेशातला वेळही मोजायला सुरुवात केली.

## निर्णयाच्या जागा

प्रकाशनाच्या दोन आठवडे आधी यंत्राच्या गरजांची यादी आली. कमीत कमी ८ जीबी ग्राफिक्स मेमरी हवी होती. तिच्या लॅपटॉपला ६ आहे.

या क्षणी एक बटण दाबलं असतं तर ५,२९९ जसेच्या तसे परत आले असते. तिने दाबलं नाही. तिचं कारण हट्टाचं नव्हतं: याआधी दोन गेम ‘कमीत कमी’च्या खालच्या यंत्रावर तिने सेटिंग उतरवून नीट चालवले होते, आणि कंपन्या ही यादी जरा हात राखून लिहितात असा तिचा अनुभव. तिने घरात कोणाला काही सांगितलं नाही. ग्रुपवर सांगितलं, तिथून उत्तर आलं, ‘चालेल गं.’

रिव्ह्यू प्रसिद्ध झाले शुक्रवारी संध्याकाळी, प्रवेश सुरू होण्याच्या काही तास आधी. ती नेरूळहून ठाण्याच्या लोकलमध्ये होती. तुर्भे ते रबाळे या पट्ट्यात तिने जेवढे वाचता येतील तेवढे वाचले. गुण चांगले होते. बहुतेकांनी तिच्या लॅपटॉपच्या तिप्पट किमतीच्या यंत्रावर खेळून पाहिलेला, आणि एकाने दोन ओळींत लिहिलं होतं की ८ जीबीच्या कार्डावर शहरात फिरताना गेम अडखळतो. रद्द करायला अजूनही वेळ होता. पण गेम लॅपटॉपवर उतरून बसलेला, आणि होस्टेलवालीने रात्रीसाठी मॅगी आणून ठेवल्याचा फोटो टाकलेला.

साडेनऊला गेम उघडला. पडद्यावर ओळ आली, शेडर (दृश्यं रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत आहेत, ३ टक्के. ही पट्टी शंभरावर पोचायला जवळपास अर्धा तास गेला. गेम उघडाच असल्यामुळे हा अर्धा तास खेळल्याच्या खात्यात जमा होत होता. मग पात्र बनवणं, नाक-डोळे, केस. त्यात वीस मिनिटं. मग शहर. दर चार पावलांना चित्र गोठायचं आणि आवाज पुढे जायचा. कानात तिघं ओरडतायत, ‘कुठे आहेस? डावीकडे ये!’ आणि ती डावीकडे वळेपर्यंत गोळीबार संपलेला. तिने सेटिंग उतरवल्या, गेम बंद करून उघडला, शेडरची पट्टी पुन्हा थोडी पळाली.

अकराच्या सुमारास दादा पाणी प्यायला उठला. मागे उभा राहून त्याने थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘किती झाले?’ स्टीमवर १.६ तास दिसत होते.

या जागी दादाने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. रिफंड घे किंवा घेऊ नको, यातलं काहीच तो बोलला नाही. ‘आधी गेम बंद कर,’ म्हणाला, ‘हा वेळही दोन तासांत धरतात. मग काय करायचं ते ठरवू.’ बंद गेमचं घड्याळ चालत नाही. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) बदलणं, फोरमवर उपाय शोधणं, विंडोजमध्ये खाटखूट करणं, हे सगळं गेम बंद ठेवून करता येतं. बहुतेक लोक दोन तास घालवतात ते गेम उघडा ठेवून दुसऱ्या खिडकीत उपाय शोधताना.

तिने नवा ड्रायव्हर घातला. पण ड्रायव्हर बदलला की शेडर बहुधा पहिल्यापासून बनवावे लागतात. म्हणजे आणखी अर्धा तास, आणि हातात उरलेली मिनिटं चोवीस. गेम सुरळीत चालतो का हे बघायला उघडला असता तर ते कळायच्या आधीच परतीची मुदत गेली असती. ती बराच वेळ हिशेब करत बसली. तिघांना ‘तुम्ही खेळा’ म्हणून सांगितलं आणि साडेबाराला रिफंडचा अर्ज टाकला. कारण: माझ्या यंत्रावर नीट चालत नाही. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली, आठवड्याच्या आत पैसे खात्यात.

## डिस्कचे दोन हजार

मंगळवारी दुकानातून फोन आला. डिस्क आली आहे, २,९९९ घेऊन या. याच दिवशी दादाने मला फोन केला.

मी पहिल्यांदा विचारलं, बिल आहे का. मग त्या कार्डाचा फोटो आला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये विकलेल्या मालाचं बिल न देणं हा अनुचित व्यापार प्रथेचा भाग मानलाय. पण इथे माल अजून विकला गेला नव्हता, नुसती उचल घेतली होती, आणि आता दुकानदार माल द्यायला तयार होता. ऑक्टोबरमध्ये पैसे परत मागितल्याचा पुरावा काहीच नाही. यूपीआयची नोंद फक्त एवढंच सांगते की या माणसाकडून त्या माणसाला दोन हजार गेले.

रस्ते होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकता आली असती. ठाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. पण दोन हजारांसाठी, इतक्या पातळ कागदावर, मी त्याला आयोगाकडे जा म्हणालो नाही. हेल्पलाइनचं नाव मात्र दुकानात घ्यायला सांगितलं, शांतपणे.

डिस्क घ्यावी का, हा वेगळा प्रश्न होता. पीएस५वर गेम बरा चालत होता. घेऊन, खेळून, महिन्याभरात विकली तर निम्म्याहून जास्त किंमत येते. डिजिटल प्रतीत ती सोयच नाही. पण धाकटीचं मन त्या आठवड्यात त्या गेमवरून पार उडालेलं. ‘एकटीने काय करू त्यात?’

दादा दुकानात गेला आणि म्हणाला, डिस्क नको, दोन हजार दुसऱ्या वस्तूत लावा, आणि बिल जीएसटीचं, वस्तूच्या नावासकट. पीएस५चा दुसरा कंट्रोलर त्याला शनिवारच्या फुटबॉलसाठी हवाच होता. मालकाने खळखळ केली नाही. एवढी मागणी असलेल्या गेमची डिस्क त्याला कोणीही नेली असती. हेल्पलाइनचं नाव घ्यायची वेळ आली नाही.

## निकाल

स्टीमचे ५,२९९ पूर्ण परत. दुकानाचे २,००० कंट्रोलरमध्ये जिरले, वरची रक्कम दादाने भरली. रोख नुकसान म्हणाल तर शून्य. तीन महिने मोठी रक्कम दुसऱ्याकडे बिनव्याजी पडून होती, ती सोडून.

गटाचं म्हणाल, तर तो शनिवार-रविवार तिघांनी खेळून काढला आणि ती त्यांचं ऐकत बसली. हे नुकसान खरं आहे आणि ‘थांबा, गेम स्वस्त होतो’ असा सल्ला देणारे ते हिशेबात धरत नाहीत. गेम स्वस्त होतो, पण चौघांचा मोकळा शनिवार पुन्हा येईलच असं नाही.

एप्रिलमध्ये त्याच दुकानात त्याच गेमची वापरलेली डिस्क २,७०० रुपयांना दिसली. तोवर दोन मोठे पॅच आले होते आणि पीसीवाल्यांबरोबर खेळायची सोयही. धाकटीने ओवाळणीच्या तीन हजारांतून ती घेतली. पोशाखाचा कोड आधीच्या मालकाने वापरलेला, डबीच्या कोपऱ्याला पोचा. तिघांपैकी एकच अजून तो गेम खेळतो, पुण्याचा. दोघं मिळून मिशन करतात.

## वेगळं काय करता आलं असतं

दुकानाच्या बुकिंगमध्ये सुधारायला सोपं होतं. मागायची होती एकच ओळ, मालकाच्या हाताने किंवा व्हॉट्सॲपवर: तारीख पुढे गेली तर आगाऊ रक्कम परत. तयार नसेल तर पाचशेच्या वर द्यायचं नाही. साध्या डिस्कसाठी दुकानदाराला गिऱ्हाईक टिकवायला पाचशे पुरतात. आणि ऑक्टोबरमधलं ते बोलणं घरी येऊन एका मेसेजमध्ये लिहून टाकलं असतं तर फेब्रुवारीत माझा सल्ला वेगळा असता.

डिजिटल बुकिंगचं मला वेगळं वाटतं. तिथे आगाऊ पैसे देणं हीच चूक असं मी म्हणणार नाही, कारण परतीचा रस्ता खुला होता. पण तो रस्ता दुकानागणिक बदलतो. प्लेस्टेशन स्टोअरवर प्रकाशनाला १४ दिवसांहून जास्त असताना केलेलं बुकिंग प्रकाशनाच्या दिवसापर्यंत रद्द होतं. १४ दिवसांच्या आत केलं असेल तर पैसे भरल्यापासून १४ दिवस मिळतात, तेही डाउनलोड सुरू केलेलं नसेल तरच. दोन तास खेळून बघा, ही सवलत तिथे नाही. हाच गेम तिने पीएस५वर डिजिटल घेतला असता आणि तो असाच अडखळला असता, तर गेम सदोष आहे हे पटवून देत बसावं लागलं असतं.

डिलक्स शेवटी घेणं हाही पर्याय होता. बऱ्याच गेममध्ये साध्या एडिशनवरून वरच्या एडिशनला फरक भरून जाता येतं. रिव्ह्यू वाचून, यंत्र तपासून, त्या शुक्रवारी संध्याकाळी. लोकलमध्ये ऐरोली आल्यावर फोनवरून केलं असतं तरी घरी पोचेपर्यंत डाउनलोड सुरू झालं असतं.

एका जागेबद्दल भावंडांचं अजून जमत नाही. दादा म्हणतो, ८ जीबीची अट वाचली त्याच दिवशी रद्द करायला हवं होतं. धाकटी म्हणते, का? पैसे तर आलेच परत, आणि चाललं असतं तर? मी तिच्या बाजूला झुकतो. दोन तासांची अट तिला ठाऊक होती आणि ती त्याच्या आत थांबली. फक्त आगाऊ प्रवेशाचा वेळ मोजला जातो हे तिला दादाने १.६ तासांवर सांगितलं, आणि दादाला ते माहीत होतं ते योगायोगाने.

आता घरात ‘जीटीए ६’ या येऊ घातलेल्या गेमचा विषय निघालाय. त्याची तारीख आधी २०२५ होती, मग २६ मे २०२६ झाली, मग १९ नोव्हेंबर २०२६. आणि जाहीर झालाय तो फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्ससाठी, पीसीसाठी नाही. या वेळी दादाने जेवताना आधी विचारून घेतलं की गट कशावर खेळणार. कळव्याचा मित्र पीएस५ घ्यायच्या विचारात आहे. होस्टेलवाली म्हणते पीसीवर येईपर्यंत थांबते. धाकटीला डिस्क हवी आहे, कारण तिला ती नंतर विकायची आहे, आणि दुकानदाराला कार्डाऐवजी बिलबुक काढायला लावायचं काम तिने दादावर सोपवलंय.